निवडणाऱ्याचं नाव

‘मला क्युरेटर व्हायचंय’ असं म्हणणारा आपल्या होस्टेलवर अजून सापडायचाय. इथे गेट, एमपीएससी, बँक, नाहीतर पुण्याची कंपनी. क्युरेटर म्हणजे काय विचारलं तर सिव्हिलवाला सांगेल, ‘क्युरिंग करणारा, काँक्रीटवर पाणी मारणारा!’ हसू नका, उत्तर अगदीच चुकलेलं नाही. स्लॅब टाकला की काम संपत नाही, नंतर पाणी मारलं नाही तर तडे जातात. चित्राचंही तसंच. ते काढून झाल्यावर कुणीतरी निवडावं लागतं, कशाशेजारी काय लावायचं हे ठरवावं लागतं, आणि हेच का निवडलं ते लिहावं लागतं. हे सगळं करतो तो क्युरेटर. मासिकाचा संपादकही दुसरं काय करतो?

ही दोन्ही कामं केलेली एक बाई मुंबईत आहे, नॅन्सी अदजानिया. त्या आर्ट स्कूलमधून आलेल्या नाहीत. आधी राज्यशास्त्र शिकल्या, मग पुण्याच्या एफटीआयआयमध्ये सिनेमा. 2000 ते 2002 या काळात ‘आर्ट इंडिया’ या मासिकाच्या त्या मुख्य संपादक होत्या. 2012 मध्ये दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू बिएनालेची सूत्रं आशियातल्या सहा स्त्रियांकडे होती, त्यातल्या एक नॅन्सी. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 2019 च्या अखेरीस सुधीर पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन झालं, तेही त्यांनीच मांडलं. हे पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. दिवसा एक्स-रे बघायचे आणि लोकलमधली, इराण्याच्या हॉटेलातली माणसं रंगवायचे. ‘ब्रँच वेगळी, आवड वेगळी’ म्हणून रडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्याआधी, 2018 च्या डिसेंबरात त्यांनी त्याच इमारतीत नवजोत अल्ताफ यांचं प्रदर्शन मांडलं होतं. नवजोतनी बस्तरच्या कोंडागावात आदिवासी कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं काम केलंय. तिथे त्यांनी मिळून हातपंपाभोवतीच्या जागा नव्याने बांधल्या. भरलेला हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर घ्यावा लागू नये, मध्ये टेकवता यावा, असा उंच कठडा केला. याला कला म्हणायचं की डिझाइन? व्हायवात विचारण्यासारखा प्रश्न आहे. खाणींनी फाडलेल्या जमिनीबद्दलही त्यांचं काम आहे. वणीच्या कोळसा खाणी ज्यांनी पाहिल्यात त्यांना ते वेगळं समजावून सांगायला नको. असं काम हुडकून लोकांसमोर ठेवणं आणि ‘हे मी निवडलं, या कारणासाठी निवडलं’ असं स्वतःच्या नावानिशी लिहिणं, ही नॅन्सींची नोकरी.

आता घरचं बघू. जानेवारी 2019 मध्ये आपल्या यवतमाळात 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि ऐनवेळी निमंत्रण मागे घेतलं. निषेध म्हणून बरेच साहित्यिक आलेच नाहीत. शेवटी आपल्याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी उद्घाटन केलं. ती निवड चांगलीच होती. पण आधीची निवड ‘का’ मोडली, याची जबाबदारी जो तो दुसऱ्यावर ढकलत होता. महिनाभरातच, फेब्रुवारीत, मुंबईच्या त्याच संग्रहालयात प्रभाकर बरवेंच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलत होते. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती राहिली नाही, मग यापुढे प्रदर्शनं कोण ठरवणार, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांना बोलताना मध्येच अडवलं गेलं. दोन्हीकडे भांडण एकच. निवडणारा कोण, आणि त्याने कारण सांगायचं की नाही?

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. आपल्या वार्षिकांकाच्या पेटीत दरवर्षी कविता, लेख, स्केचेस पडतात. छापून येणाऱ्याचं नाव दिसतं. न येणाऱ्याला कुणी काही सांगत नाही. मग कॅन्टीनमध्ये ‘ओळखीवर घेतलं’ अशी चर्चा, आणि पुढच्या वर्षी तो पोरगा काहीच देत नाही. गॅदरिंगच्या चित्रप्रदर्शनात तर ड्रॉइंग हॉलच्या भिंतीला सेलोटेपने मिळेल ते चिकटवायचं, झालं प्रदर्शन!

माझं म्हणणं एवढंच. विद्यार्थी संपादकांनी प्रत्येक नाकारलेल्या साहित्यावर दोन ओळींत कारण लिहून, खाली सही करून ते परत द्यावं. चित्रप्रदर्शन एकाच मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावं. काय लावलं आणि का लावलं, हे त्यांनी पानभर लिहून दाराशी लावावं, खाली स्वतःचं नाव टाकावं. याला खर्च शून्य.

‘मग नाकारलेले भांडायला येतील,’ असं काही सर म्हणतील. येऊ द्या ना, सर! समोर येऊन भांडणारा पुढच्या वर्षी अधिक चांगलं लिहून आणतो. गप्प बसणारा आपल्याला कायमचा गेला.