रविवार कोणाचा आणि कोणाबरोबर?

छंद, मित्र आणि सुटीची मौज हे विषय चळवळीच्या पानावर सहसा येत नाहीत. शिष्यवृत्ती रखडली, वसतिगृहाची दुरवस्था झाली, कोठे अत्याचार झाला, की आम्ही लिहितो आणि ते लिहिलेच पाहिजे. पण आमचा मुलगा किंवा मुलगी शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर कोठे जाते, कोणाबरोबर चहा पिते, कोणाच्या घरी जेवते, हा प्रश्न आम्ही किरकोळ समजतो. न्यायालयीन कामासाठी देवगडला जाणे झाले की आम्ही तेथल्या कॉलेजच्या मुलांशी बोलतो. या खेपेस आम्ही सर्वांना एकच प्रश्न विचारला : रविवारी काय करता? जी उत्तरे मिळाली, त्यांवरून हा प्रश्न किरकोळ नाही अशी आमची खात्री झाली.

देवगड हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातले तालुक्याचे लहान गाव. देवगड आणि जामसंडे मिळून एक नगरपंचायत. बंदर, किल्ल्यावरचे दीपगृह, खाली वाळूचा किनारा, कातळावर पवनचक्क्या आणि चहूकडे हापूसच्या बागा. आजूबाजूच्या खेड्यांतली मुले एसटीने कॉलेजला येतात. मौजेची ठिकाणे ठरलेली आहेत. किल्ल्याच्या तटावर बसून गप्पा, मोटारसायकलवरून कुणकेश्वर किंवा मिठबावचा किनारा, कधी विजयदुर्ग, स्टँडजवळ वडापाव आणि चहा, मोकळ्या कातळावर टेनिस चेंडूचे क्रिकेट. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की रात्रभर दशावतार. तिकीट नाही, मोठा खर्च नाही. म्हणजे ही मौज सर्वांना सारखीच उपलब्ध असावी, असे कोणालाही वाटेल.

प्रत्यक्षात उत्तरे दोन प्रकारची आली. काहींनी किनारा, क्रिकेट, मोबाईल, मित्र असे सांगितले. काहींनी आमच्याकडे आश्चर्याने पाहिले. एक मुलगा म्हणाला, "कसलो रविवार, साहेब? बागेत जावचा लागता." मोहोर धरल्यापासून फवारणी, राखण, मग झेल्याने आंबे उतरवणे, प्रतवारी, पेट्या भरणे असे काम मे महिन्यापर्यंत चालते. परीक्षेचे दिवसही नेमके त्याच हंगामात येतात. ज्याच्या बापाची बाग आहे तो मुलगाही बागेत जातो, पण तो मालक म्हणून जातो आणि कंटाळा आला तर परत येतो. मजुराच्या मुलाला त्या दिवसाची मजुरी घरी न्यायची असते. मुलींचे उत्तर आणखी थोडक्यात होते : धुणे, पाणी, स्वयंपाक, धाकटी भावंडे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट मिळू लागले, ही चांगली गोष्ट झाली. पण संध्याकाळची गाडी चुकली तर घरी कसे जायचे, या भीतीने मुलगी किनाऱ्यावर थांबत नाही. मुलाला उशीर झाला तर कोणी विचारत नाही. मुलीला मात्र दहा जण विचारतात.

बाग कोणाची आणि मजूर कोण, हे काही निसर्गाने ठरवलेले नाही. देवगड तालुका पूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्यातला. कोकणातील खोती पद्धतीने कुळांना पिढ्यानपिढ्या राबवले. ती नष्ट करण्यासाठी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले ते बाबासाहेबांनी. ज्यांच्या वाट्याला तेव्हा जमीन आली नाही, त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला आज रविवार येत नाही, असा हा सरळ हिशेब आहे.

आणि हा रविवार आला कोठून, हेही आमच्या तरुणांना माहीत असले पाहिजे. महात्मा फुले यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या सुटीसाठी सतत मागणी केली. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांना रविवारची सुटी मान्य करावी लागली. इंग्रजांना सुटी होती ती चर्चला जाण्यासाठी. कामगारांना ती मिळाली सत्यशोधकांच्या लढ्यामुळे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची, त्यांच्याच कारकिर्दीतली. रविवारी दुपारी जो कोणी पाय पसरून झोपतो, मग तो कोणत्याही जातीचा असो, तो या लढ्याच्या कमाईवर झोपतो.

आमच्या संविधानाचे कलम ४३ काय म्हणते तेही पाहा. शेतीतील, उद्योगातील आणि अन्य सर्व कामगारांना निर्वाह वेतन, चांगले राहणीमान, फुरसतीचा पुरेपूर उपभोग आणि सामाजिक व सांस्कृतिक संधी मिळाव्यात म्हणून राज्याने प्रयत्न करावा, असा त्याचा आशय आहे. फुरसत हा शब्द संविधानात आहे आणि त्यात शेतमजूरही आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर न्यायालयात थेट दाद मागता येत नाही, हे वकील म्हणून आम्हांला ठाऊक आहे. पण नगरपंचायतीच्या सभेत, आमदाराच्या दारात आणि मतपेटीपुढे ते नक्कीच मागता येते.

येथपर्यंत प्रश्न वेळेचा झाला. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ज्याला रविवार मिळतो, तो तो कोणाबरोबर घालवतो?

वर्गात मुले एका बाकावर बसतात. पण रविवारच्या क्रिकेटचे संघ बहुतेक वाडीवार पडतात. आणि कोकणात वाडी कशी वसली हे सांगायला नको. वाडी म्हणजे जात. त्यामुळे कोणीही मुद्दाम भेद न करता, 'आमच्या वाडीची टीम' म्हणता म्हणता जातीची टीम तयार होते. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. पण पाटी बदलली तरी रविवारचा संघ तोच राहिला. चांगला गोलंदाज असेल तर आमच्या मुलालाही दुसऱ्या वाडीचे लोक खेळायला नेतात, हे खरे आहे. अशाच एका मुलाने आम्हांला जे सांगितले ते मनात घर करून राहिले. "वकीलसाहेब, खेळूक बोलावतत, पण घराक कोण बोलवणत नाय."

हे वाक्य ऐकले आणि पळवणकर बाळू आठवले. मूळच्या कोकणातल्या चर्मकार कुटुंबातला हा गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत मोठा झाला. त्याच्या गोलंदाजीशिवाय सामना जिंकता येत नाही हे उमगल्यावर पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतले. मैदानावर सगळ्यांनी त्याच चेंडूला हात लावला. पण चहाच्या वेळी बाळूला तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळाले. बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, हा राजकारणाचा भाग वेगळा. त्यांच्या चहाच्या भांड्याचा धडा त्यामुळे खोटा ठरत नाही. कौशल्य हवे, माणूस नको, ही मानसिकता शंभर वर्षांत मैदानावरून हटली असेल, पण घराच्या उंबरठ्यावर ती अजून उभी आहे.

कायदा येथे किती मदत करतो? पुष्कळ करतो. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जो हक्क बजावला गेला, तो संविधानाच्या कलम १५(२) मध्ये आला. दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांत जातीवरून कोणालाही मज्जाव करता येत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने असा मज्जाव गुन्हा ठरवला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची तरतूद आहेच. गावकी आणि जात पंचायत यांच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा स्वतंत्र कायदा केला. मुलांना एकमेकांबरोबर खेळण्यापासून रोखणे हाही बहिष्काराचा प्रकार आहे, हे त्या कायद्याने ओळखले. तेव्हा मैदान अडवणाऱ्याला न्यायालयात खेचता येते. पण जेवायला न बोलावणाऱ्यावर फिर्याद कोणत्या कलमाखाली करणार? मैत्री ही हुकूमनाम्याने मिळत नाही.

म्हणूनच बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुता ठेवली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी बजावले होते की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरची राहतील. देवगडच्या किनाऱ्यावर रविवारी संध्याकाळी वेगवेगळ्या घोळक्यांत बसलेली मुले पाहिली की त्या भाषणाचा अर्थ कळतो. ती भांडत नाहीत, एकमेकांना नावाने ओळखतात, हातही करतात. आणि आपापल्या घोळक्यात परत जातात.

या पोकळीत मोबाईल शिरला आहे. हातात फोन असला की मित्राची गरज भासत नाही, असे मुलांना वाटू लागले आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली. पण त्यापूर्वी किती मजुरांच्या मुलांनी आंब्याच्या हंगामातली कमाई त्यात घातली, हे त्यांच्या आयांना विचारावे. बंदी घातली म्हणून रिकामा रविवार भरत नाही. तो भरण्यासाठी मैदान लागते, वाचनालय लागते, संध्याकाळची एक जादा एसटी लागते. आणि किनारा असेल तर जीवरक्षक लागतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडला पुण्याहून सहलीला आलेले दहाहून अधिक विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरी येथे बेळगावहून आलेल्या सहलीतील आठ जण गेले. डिसेंबर २०२३ मध्ये खुद्द देवगडच्या समुद्रात पुण्याकडून सहलीला आलेल्या चार विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. मुलांची मौज ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे म्हणून शासनाला येथे हात झटकता येणार नाहीत.

शासनाला प्रश्न विचारताना स्वतःलाही विचारावा लागेल. आमच्या विहारांत तरुणांसाठी काय असते? १४ एप्रिलला मिरवणूक, ६ डिसेंबरला अभिवादन आणि मधल्या काळात कुलूप. बाबासाहेब व्हायोलिन शिकले, 'राजगृह' ग्रंथांसाठी बांधले, हे आम्ही भाषणात सांगतो. पण आमचा मुलगा तबला किंवा कॅमेरा मागू लागला की 'आधी नोकरीचे बघ' म्हणून गप्प करतो. बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयात पन्नासच्या दशकात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक विद्यार्थ्यांनी उभे केले आणि स्वतः बाबासाहेबांनी ते पाहिले. त्याच परिसरात पुढे गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' निघाले. अभ्यासाबाहेरच्या वेळेत मुलांनी जे केले, त्यातून दलित रंगभूमी आणि साहित्य उभे राहायला बळ मिळाले. मग देवगडच्या मुलांनी रविवारी नाटक बसवले, तर त्याला वेळ वाया घालवणे कसे म्हणायचे?

आमची सूचना साधी आहे. देवगड तालुक्यातील प्रत्येक विहार रविवारी दिवसभर उघडा राहावा. तेथे वर्तमानपत्रे, पुस्तके, कॅरम, बुद्धिबळ आणि एखादे वाद्य असावे, आणि दार सर्व वाड्यांच्या मुलांना मोकळे असावे. मुलींसाठी वेळ राखून ठेवावी, आणि त्यांना घरी पोहोचवण्याची जबाबदारी कार्यकर्त्यांनी घ्यावी. क्रिकेटचे सामने आम्ही भरवले, तर संघ वाडीवार न पाडता चिठ्ठ्या टाकून पाडावेत. सामना संपल्यावर सर्वांचे जेवण एका पंगतीत व्हावे. दुसऱ्यांनी आम्हांला घरी बोलावले नाही ही तक्रार खरी आहे. पण आम्ही तरी आमच्या घरी किती जणांना बोलावले? आमच्यातल्याच इतर मागास आणि भटक्या समाजांच्या मुलांना बोलावले का? पहिले आमंत्रण आमच्याकडून गेले तर आमचे काही कमी होणार नाही.

त्या गोलंदाज मुलाला आम्ही एवढेच सांगितले : पुढच्या रविवारी सामना झाला की सगळ्या संघाला तुझ्या घरी माशाच्या कढीला बोलाव. किती जण येतात ते मोज. अकरापैकी दोन आले तरी त्या दोघांना मित्र म्हण, आणि उरलेल्या नऊ जणांना पुन्हा बोलाव. तो हसला. बोलावतो म्हणाला. पुढच्या तारखेला देवगडला गेलो की आकडा विचारणार आहोत.