जिताड्याचा कायमचा पत्ता

बँकेच्या प्रत्येक अर्जात ‘कायमचा पत्ता’ असा एक रकाना असतो. जिताड्याला खाते उघडायचे झाले, तर त्या रकान्यात काय लिहायचे हा प्रश्नच पडेल. जन्म नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पावसाळ्यात भरतीबरोबर पिल्ले आत येतात ती खाडीच्या फाट्यांत, तिवरांच्या मुळांत, पाणी भरलेल्या खाचरांत. काही तर गोड्या पाण्यापर्यंत चढतात. वाढ पुरी झाली की अंड्यांसाठी पुन्हा मुखाकडे. एका माशाची तीन-चार बिऱ्हाडे, आणि त्यातले एक मोडले की बाकीची असून नसल्यासारखी.

उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवर ही तऱ्हा एकट्या जिताड्याची नाही. बोय समुद्रात अंडी घालते, पिल्ले खाडीत वाढतात. कोळंबीच्या अनेक जातींचे तेच. तांबोशीच्या कुळातल्या काही माशांची पिल्ले तिवरांत लपतात आणि मोठेपणी खोल पाण्यातल्या खडकांकडे निघून जातात. उथळ, गढूळ पाणी आणि मुळांचे जंजाळ. तिथे मोठ्या भक्षकाला सहज शिरता येत नाही आणि खाणे मुबलक. अंगाने वाढलेल्या माशाला मात्र तीच जागा अपुरी पडते.

हा नुसता तर्क नाही. पीटर मम्बी आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ‘नेचर’मध्ये कॅरिबियन समुद्रातली पाहणी प्रसिद्ध केली. प्रवाळाजवळ जिथे तिवरांची जंगले होती, तिथे बाजारात चालणाऱ्या कित्येक जातींचे एकूण वजन दुपटीहून अधिक भरले. अटलांटिकमधला सर्वांत मोठा शाकाहारी मासा, एक पोपटमासा, तिवरे तोडल्यावर त्या भागातून नाहीसाच झाला. मोठेपणी तो राहत होता प्रवाळात. कुऱ्हाड चालली ती किनाऱ्यावर.

जिताड्याची आणखी एक गंमत आहे. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे बाजारात ज्या धिप्पाड जिताड्याभोवती गर्दी जमते, तो बहुधा ‘ती’ असते. खाडीच्या तोंडाशी बारीक आसाच्या जाळ्यात पिल्ले गेली, तर वर्षांनंतरच्या माद्याही तिथेच गेल्या. व्याज खाल्ले तर एक वेळ चालते, इथे मुद्दलालाच हात पडतो.

नोकरीत असताना होड्यांच्या कर्जाचे अर्ज मी पुष्कळ तपासले. होडी किती फुटी, इंजिन किती अश्वशक्तीचे, जाळी कितीची, सारे नोंदलेले. मासा जिथे वाढतो ती खाडी कुठल्याच रकान्यात नव्हती. आजही फारसा फरक दिसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरतोडीला बंदी घातली, २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष निघाला, २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरला. तिन्ही गोष्टी चांगल्या आणि आवश्यकच. पण कायदा झाड मोजतो, मासा मोजतो. दोघांमधली वाट मोजत नाही.

२०२२ साली बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार तिवरे तोडायला न्यायालयाने परवानगी दिली, बदल्यात लागवडीची अट घातली. रोपांचा हिशेब जुळेलही. पण ती रोपे ज्या फाट्याला लागतील तिथे भरतीचे पाणी आणि पिल्ले पोचतात का, हे हिरवळीच्या छायाचित्रावरून कळायचे नाही. तिवर उभे असते आणि मागून रस्त्याचा भराव येतो. त्यात एखादी अरुंद नळी, तीही गाळाने तुंबलेली.

खारबांधांचेही तसेच. शेतकऱ्याला बांध हवाच, भात खाऱ्या पाण्यात बुडवा असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? बांधाची उघाडी भरतीला मिटते आणि ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी बाहेर सोडते, म्हणजे नेमकी पिल्ले येण्याच्या वेळी बंद. पण जिथे शेती केव्हाच सुटली आणि बांध फुटके पडून आहेत, तिथे वाट मोकळी ठेवायला काय हरकत आहे? खारभूमी, वने, मत्स्यव्यवसाय आणि बांधकाम ही चार खाती एका टेबलाशी बसायला हवीत, एवढीच अडचण; आणि आपल्याकडे ती लहान नाही.

चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ साली जिताड्याचे बीज बंदिस्त जागेत तयार करून दाखवले. त्यामुळे तळ्यातला जिताडा ताटात येत राहील. प्रश्न आहे तो होडी घेऊन खाडीत जाणाऱ्याचा. त्याच्या जाळ्यात काय येणार, हे भरावाखालच्या त्या नळीच्या रुंदीवर ठरायचे आहे, आणि नळीची निविदा काढणाऱ्याला जिताडा ठाऊक असेलच असे नाही.