विमान थांबवावें कसें?

अमेरिकेंत राहणारा आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या मोटारखान्यांत दोन आसनांचें विमान स्वहस्तें बांधीत आहे. ब्रेक कोणते बसवावे, असें त्यानें आम्हांस पत्रीं विचारिलें आहे. (शुद्धलेखन अद्याप सुधारलेलें नाहीं.) सर्वांत जबर मिळतील ते घ्यावे, असा त्याचा मनोदय दिसतो.

गणित शाळेंतलेंच आहे. ६०० किलोचें विमान ताशीं ९० किलोमीटर वेगानें धांवत असतां त्याच्या अंगीं १,८७,५०० ज्यूल ऊर्जा असते; वाऱ्याचा विरोध वगळतां ती बहुतेक ब्रेकच्या चकत्यांनाच उष्णतारूपानें गिळावी लागते. वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट. चकती पुरेशी मोठी हवी, हें खरेंच. परंतु जबर ब्रेक म्हणजे चांगला ब्रेक नव्हे. तिसरें चाक शेपटीखालीं असलें, तर ब्रेक कचकन् दाबतांच विमान नाकावर उलथूं शकतें. याचें चाक नाकाखालीं आहे आणि, बर्ट रुटनच्या लाँग-ईझीप्रमाणें, मोकळें फिरणारें आहे. अशा विमानास मंदगतींत वळविण्याचें कामहि ब्रेकच करितात. तेथें दोन्ही चाकांस मिळून एकच हातदांडा उपयोगाचा नाहीं; प्रत्येक पायास स्वतंत्र व हळुवार दाबतां येईल असा ब्रेक पाहिजे.

आमची धास्ती निराळीच. मोटारीचें ब्रेक-तेल घरांत आहे, तेंच भरीन, असें तो लिहितो. विमानी ब्रेकांस बहुधा तांबडें खनिज तेल लागतें. त्यांच्या रबरी कड्या मोटारीच्या तेलानें फुगून बिघडतात, आणि ऐन वेळीं दाबलेला पाय रिकामा जातो. आम्हीं उलटटपालीं तसें कळविलें. दुसरें आसन आपल्या कन्येसाठीं आहे, असेंहि त्याच्या पत्रांत होतें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.