भरून टाका आणि मोकळे व्हा?

रूट ४६ वर कोणाला वेगाचं तिकीट मिळालं की न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या आपल्या मराठी मंडळींचा सल्ला ठरलेला असतो: भरून टाका आणि मोकळे व्हा. टाउनशिपचं कोर्ट म्हणजे टाउनशिपचा गल्ला. पोलीस त्यांचे, प्रॉसिक्युटर त्यांचा, न्यायाधीश त्यांनीच नेमलेला आणि दंडाचा वाटाही त्यांच्याच तिजोरीत. तिथे जाऊन अर्धा दिवस कशाला घालवायचा? वर तोंडी लावायला 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' आहेच. हा सल्ला देणारे साधेभोळे नव्हेत. घराच्या कर्जावर पाव टक्का व्याज कमी मिळावं म्हणून चार बँका पालथ्या घालणारी ही माणसं. म्हणूनच त्यांचं म्हणणं नीट तपासून घ्यायला हवं.

पैसे भरून कोणी मोकळा होत नाही, इथूनच सुरुवात करू. ऑनलाइन दंड भरणं म्हणजे दोष कबूल करणं. मर्यादेपेक्षा ताशी १४ मैलांपर्यंत जास्त वेग असेल तर लायसनवर २ पॉइंट, १५ ते २९ मैल असेल तर ४. तीन वर्षांत ६ पॉइंट झाले की मोटर व्हेइकल कमिशन वेगळा अधिभार लावतं, १२ झाले की लायसनच निलंबित व्हायची वेळ येते. विमा कंपनी आपला हिशेब स्वतंत्रपणे करते, तो निराळाच. क्रेडिट कार्डाचे आकडे टाइप करून जो सुटकेचा निःश्वास टाकतो, त्याने स्वतःविरुद्धचा निकाल स्वतःच लिहून दिलेला असतो, तोही पुरावा न बघता.

कोर्टात गेलं तर काय होतं? कोविडनंतर बऱ्याच तारखा झूमवरच होतात, तेव्हा अर्धा दिवस जातो ही तक्रारही आता जुनी झाली. सुरुवातीला न्यायाधीश सगळ्यांना मिळून हक्क सांगतात: वकील घेता येईल, गप्प राहता येईल, दोष सिद्ध करणं हे सरकारचं काम आहे. आपले लोक हे विमानातल्या सुरक्षा सूचनांसारखं ऐकतात. मग प्रॉसिक्युटरशी बोलणं होतं. रेकॉर्ड स्वच्छ असेल तर तो बहुधा 'अनसेफ ड्रायव्हिंग' हे पॉइंट नसलेलं कलम पुढे करतो. न्यायाधीश विचारतात, हे स्वखुशीने कबूल करताय का? कोणी दडपण आणलं का? नेमकं काय केलंत? या प्रश्नांना घाईघाईने 'येस सर, येस सर' म्हणणारे आपलेच. इंग्रजी अपुरं पडत असेल तर दुभाषा कोर्टाने आपल्या खर्चाने द्यायचा असतो, हा न्यू जर्सीच्या न्यायव्यवस्थेचा नियम आहे. मुलाकडे राहायला आलेले आजोबा साक्षीदार म्हणून उभे असतील तर त्यांनाही तो लागू. तरी मुलगाच मध्ये तोंड घालून भाषांतर करू लागतो आणि 'जाऊ द्या हो बाबा' हे त्यात स्वतःच्या पदरचं.

गल्ल्याचा आक्षेप खोटा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच 'अनसेफ' कलमावर दंडाखेरीज २५० डॉलरचा अधिभार आहे. पॉइंट वाचतात, पैसे जातात, आणि पाच वर्षांत तिसऱ्यांदा पकडले गेलात तर पॉइंटही येतात. म्युनिसिपल न्यायाधीश महापौर नेमतात, कौन्सिल संमती देतं, मुदत फक्त तीन वर्षं. ज्याच्या फेरनेमणुकीची किल्ली टाउन हॉलमध्ये, त्याच्यावर टाउन हॉलच्या अंदाजपत्रकाचा दाब येणारच. ही शंका व्हॉट्सअॅपवर जन्मलेली नाही. २०१८ साली खुद्द राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने दंड, फी आणि उत्पन्नाच्या मोहाबद्दल खरमरीत अहवाल दिला. पुढच्याच जानेवारीत त्या न्यायालयाने राज्यभरातली, पंधरा वर्षांहून जुनी, किरकोळ स्वरूपाची सुमारे ७ लाख ८७ हजार प्रकरणं एका आदेशाने निकालात काढली. विसरलेल्या पार्किंग तिकिटापायी ज्यांच्या नावावर वॉरंट लोंबकळत होतं, ते त्या दिवशी खरोखर मोकळे झाले.

हे झालं कसं, ते आक्षेप घेणाऱ्यांनी पाहावं. हा हुकूम कुठल्या महापौराने दिला नाही, विधिमंडळाने ठराव केला नाही. गावचं कोर्ट गावाचं दिसलं तरी त्याची दोरी ट्रेंटनमधल्या, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या हातात असते, म्हणूनच ते शक्य झालं. ही दोरी सहज मिळालेली नाही. १९४७ च्या राज्यघटनेआधी न्यू जर्सीची न्यायव्यवस्था अमेरिकेतल्या सर्वात गुंतागुंतीच्या व्यवस्थांपैकी होती. कायद्याची कोर्टं वेगळी, चॅन्सरी म्हणजे इक्विटीची कोर्टं वेगळी. चुकीच्या दारात गेलात तर दुसऱ्या दाराकडे बोट दाखवलं जाई. शेवटच्या अपील न्यायालयात सोळा जण बसत आणि त्यातल्या सहा जागांसाठी कायद्याच्या शिक्षणाची अट नव्हती. आर्थर व्हँडरबिल्ट या वकिलाने हा पसारा मोडण्यासाठी आयुष्याची बरीच वर्षं घातली. १९४४ चा मसुदा मतदारांनी फेटाळला, १९४७ चा मंजूर केला आणि नव्या रचनेचे पहिले मुख्य न्यायाधीश व्हँडरबिल्टच झाले. १९५० च्या विनबेरी विरुद्ध सॅलिसबरी खटल्यात त्यांनी ठणकावलं की कोर्टाच्या कामकाजाचे नियम कोर्ट करील, विधिमंडळ नव्हे. पार्सिपनीच्या न्यायाधीशाचा निकाल पटला नाही तर वीस दिवसांत मॉरिसटाउनच्या सुपीरियर कोर्टात अपील करता येतं आणि तिथला न्यायाधीश नोंदी वाचून प्रकरणाचा नव्याने निर्णय करतो. गल्ल्यावरच्या माणसाविरुद्ध अशी दाद कुठे मागता येते?

तिकिटापुरतंच असतं तर मी एवढी शाई खर्च केली नसती. दुकानातून दोनशे डॉलरच्या आतली वस्तू उचलल्याचा आरोप याच कोर्टात येतो. आपल्यात याबद्दल बोलत नाहीत, पण आरोप होतात. सेल्फ-चेकआउटवर दोन वस्तू स्कॅन न होता पिशवीत जातात आणि विषय 'चोरी'पर्यंत पोचतो. इथे 'भरून टाका'वाला सल्ला आग लावतो. पहिल्याच आरोपासाठी 'कंडिशनल डिसमिसल'ची सोय आहे. वर्षभर नीट वागलात की प्रकरण रद्द. ऐकायला गोड. पण त्याआधी दोष कबूल करावा लागतो, किंवा तो सिद्ध व्हावा लागतो, आणि केंद्रीय इमिग्रेशन कायद्याच्या लेखी ती कबुली दोषसिद्धीच राहते, राज्याने प्रकरण रद्द केलं तरी. एच-वन-बीवर असलेल्या किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षं उभ्या असलेल्या माणसाने वकिलाशिवाय 'येस सर' म्हणायची ही जागा नव्हे. ऐपत नसेल तर म्युनिसिपल पब्लिक डिफेंडर आहे. अर्जाची फी जास्तीत जास्त २०० डॉलर आणि तीही माफ होऊ शकते. हा हक्क १९७१ च्या रॉड्रिग्ज विरुद्ध रोझेनब्लॅट निकालातून आला. तोही अशाच लहान कोर्टातल्या प्रकरणावरून.

आणि मग ती दुसरी, जास्त घातक शहाणीव: घरातलं घरात मिटवा. नवरा हात उगारतो, बाई माहेरापासून आठ हजार मैलांवर, तिचा व्हिसा त्याच्या नोकरीला बांधलेला. मंडळातले चार ज्येष्ठ जमतात, दोघांना समजावतात, चहा होतो. पंचायतीची ही पद्धत आपल्याला प्रेमळ वाटते. त्या चौघांपैकी कोणाकडे हुकूम काढायचा अधिकार आहे? न्यू जर्सीच्या १९९१ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मध्यरात्री, सुपीरियर कोर्ट बंद असताना, पोलिसांमार्फत म्युनिसिपल न्यायाधीशाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळतो. फी नाही. अर्ज करायला इमिग्रेशन स्टेटस आड येत नाही. दहा दिवसांच्या आत मॉरिसटाउनला फॅमिली पार्टमध्ये सुनावणी लागते आणि कायमचा हुकूम मिळाला तर तो आपोआप संपत नाही. दक्षिण आशियाई बायकांसाठी 'मानवी' ही संस्था याच राज्यात १९८५ पासून काम करते आहे. चार ज्येष्ठांच्या चहाने भागलं असतं तर तिची गरजच पडली नसती.

याच्या उलट टोकाला इथल्या कोर्टांचे भक्तही आहेत: तिकडे भारतात तारीख पे तारीख, इकडे झटपट न्याय. तिकडचा तुंबारा खरा आहे. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये मुख्य न्यायाधीश स्टुअर्ट रॅबनर यांना सहा काउंट्यांतले दिवाणी आणि घटस्फोटाचे खटले थांबवावे लागले, कारण न्यायाधीशच नव्हते. पुढच्या वर्षी आपल्या शेजारच्या पसेइक काउंटीवर ती पाळी आली. राज्यपालांनी सुचवलेलं नाव स्थानिक सिनेटर न बोलता अडवून ठेवू शकतो, त्याला इथे 'सिनेटोरियल कर्टसी' म्हणतात. तिकडे कोल्हापूरकर मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी दशकानुदशकं रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथे सर्किट बेंच बसलं. इथे खुर्च्या रिकाम्या पडल्या तेव्हा आपण कोणी सिनेटरला साधा फोन तरी केला का?

फोन सोडाच, ज्युरीची नोटीस आली की पहिला प्रश्न 'यातून सुटायचं कसं'. पहिल्या तीन दिवसांना रोजचे ५ डॉलर मिळतात हे हास्यास्पद आहे, कबूल. पण नागरिकत्वाच्या शपथेचे फोटो फेसबुकवर टाकणाऱ्यांनी त्या पाच डॉलरांवरून विनोद करू नयेत. आणि ज्यांना टाउनशिपचं कोर्ट गल्ला वाटतं, त्यांच्यासाठी एक जागा मोकळीच असते: न्यायाधीशाच्या नेमणुकीला संमती देणारी कौन्सिलची बैठक. ती जाहीर असते आणि तिथे कोणालाही उभं राहून बोलता येतं. दिवाळीच्या शुभेच्छांच्या फोटोसाठी आपण त्याच सभागृहात सहकुटुंब जातो. तीन वर्षांनी एकदा जाऊन विचारावं, की या न्यायाधीशाला पुन्हा नेमताना तुम्ही त्याचं काम पाहिलंत की वसुली?