उजेडाची दामदुप्पट

‘दामदुप्पट’ हा शब्द कानी पडला की आपल्यासारख्या मध्यमवर्गीय माणसाचे कान टवकारतात, आणि हात मात्र खिशावर घट्ट बसतो. दुप्पट देतो म्हणणारा गृहस्थ बहुधा मुद्दलही घेऊन जातो, एवढे शहाणपण आपल्याला आता आले आहे. पण या दिव्यांच्या सणाला मी ज्या दामदुप्पटीविषयी लिहिणार आहे, ती पैशाची नव्हे, उजेडाची आहे. तीत फसवणूक नाही. जपून राहण्याचे कारण मात्र आहे.

व्याख्यानाच्या वेळी पडद्यावर हिरवा ठिपका नाचवणारी पेनाएवढी लेसरची कांडी वाचकांनी पाहिलीच असेल. मुलांच्या हातीही ती आता सर्रास दिसते. लाल कांडीचा मामला सरळ आहे. तिच्यातला डायोड थेट लाल प्रकाशच देतो. थेट हिरवा प्रकाश देणारे डायोडही आता निघाले आहेत. पण पुष्कळशा हिरव्या कांड्यांत तो आडवाटेने येतो. आधी एक डायोड ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतो. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटींवा भाग.) तो निओडिमियमचा अंश असलेल्या एका स्फटिकाला चेतवतो आणि त्यातून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो. हे दोन्ही प्रकाश अवरक्त. आपल्या डोळ्यांच्या लेखी जवळजवळ काळोखच! मग हा काळोख दुसऱ्या एका इवल्याशा स्फटिकातून जातो आणि त्यातला काही भाग ५३२ नॅनोमीटरचा लखलखीत हिरवा होऊन बाहेर पडतो. लांबी बरोबर निम्मी, म्हणजे कंपने बरोबर दुप्पट. गाणे जाणणाऱ्यांना एवढेच सांगितले तरी पुरे, की मध्य सप्तकातला षड्ज आत गेला आणि तार सप्तकातला बाहेर आला.

हे घडते कसे? माझा प्रांत मराठीचा, तेव्हा समीकरणांऐवजी झोपाळ्याचा आधार घेतो. झोपाळ्याला हलकेच झोका दिला, तर तो दोन्ही बाजूंना सारखा जातो. पण एका बाजूला भिंत जवळ असेल आणि झोका जोराचा दिला, तर तिकडे तो अडखळतो, इकडे मात्र मोकळा जातो. स्फटिकातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या धक्क्याने असेच झुलत असतात. काही स्फटिकांत त्यांच्यावरची ओढ दोन्ही बाजूंना सारखी नसते. साध्या दिव्याचा झोका इतका हलका, की हा भेद जाणवतच नाही. लेसरचा जोरकस झोका मिळाला की झुलणे एकांगी होते, आणि त्या एकांगी झुलण्यात मूळच्या दुप्पट वेगाचे एक कंपन मिसळलेले असते. तेच नवा रंग होऊन बाहेर येते. यात फुकटचे काही नाही. अवरक्ताचे दोन कण मोडावे तेव्हा हिरव्याचा एक कण मिळतो; दोन अधेल्या देऊन एक रुपया घ्यावा, तसा हा चोख हिशेब आहे.

पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० साली अमेरिकेत माणकाच्या कांडीतून काढला. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा ६९४ नॅनोमीटरचा लाल झोत क्वार्ट्झच्या, म्हणजे आपल्या गारगोटीच्या जातीच्या, स्फटिकातून सोडला. छायाचित्राच्या काचेवर ३४७ नॅनोमीटरच्या जागी एक पुसट ठिपका उमटला. कोट्यवधी भागांतला जेमतेम एखादा भाग दुप्पट झाला होता, पण झाला होता! निबंध १९६१ च्या ऑगस्टमध्ये छापून आला, तेव्हा मात्र त्या चित्रात ठिपक्याकडे बोट दाखवणारा बाण राहिला आणि ठिपका नाहीसा झाला. छपाईच्या वेळी कोणा नीटनेटक्या माणसाने तो डाग समजून पुसून टाकला, असे सांगतात.

पुसट ठिपक्याचा झोत व्हायचा, तर आणखी एक अडचण दूर व्हायला हवी होती. मूळची लाट आणि दुप्पट कंपनांची लाट स्फटिकातून सारख्या गतीने जात नाहीत. मग लेझीम पथकात मागची रांग ताल चुकून एक पाऊल मागे पडावी, तसे होते. पुढच्यांचे केलेले मागचे पुसत जातात. १९६२ साली संशोधकांनी असे दाखवून दिले की, योग्य स्फटिक घेऊन त्यात झोत नेमक्या कोनातून सोडला, तर दोन्ही लाटा जोडीने चालतात आणि उजेड साठत जातो. आज नेत्रवैद्य मधुमेहाने बिघडलेल्या डोळ्याच्या पडद्यावर उपचार करतात, तेव्हाही पुष्कळदा हाच ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश वापरतात.

आता जपण्याविषयी. दुप्पट न झालेला अवरक्त प्रकाश अडवायला कांडीच्या तोंडाशी एक गाळणी लागते. स्वस्त कांडीत कधी कधी नेमकी तीच वगळलेली असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१० साली अशी एक कांडी तपासली. तिच्यावर १० मिलिवॉट लिहिले होते आणि हिरवा ठिपका फिकाच पडत होता. पण तिच्यातून जवळजवळ २० मिलिवॉट अवरक्त प्रकाश बाहेर येत होता. तीव्र हिरवा प्रकाश डोळ्यांत गेला तर पापणी आपोआप मिटते. अवरक्ताला ती मिटत नाही, कारण मिटायला काही दिसावे तर लागते! डोळ्याचा पडदा मात्र भाजतो, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होईलच असे नाही.

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण आपण मुलांना हौसेने शिकवतो. तिला या दिवाळीत एक पुरवणी जोडायला हरकत नाही: जे दिसत नाही, तेही असते. मिशिगनचा पुसलेला ठिपका होताच, आणि फिक्या कांडीतला न दिसणारा झोतही असतोच. तेव्हा फराळाच्या गर्दीत कोणी बाळगोपाळ हिरवी कांडी घेऊन भावंडांच्या तोंडावर रोखू लागला, तर ‘ठिपका फिका आहे, खेळू दे’ असे म्हणू नका. ती काढून घ्या आणि हातात एक फुलबाजी द्या. तिचा धोका निदान उघड्या डोळ्यांना दिसतो, आणि आईचे लक्षही तिच्यावर असते.