गळ्याची गाठ आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा येथील व्यापारी कुटुंबांत ‘थायरॉईड’ हा शब्द आता परका राहिलेला नाही. सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची लहानशी गोळी अनेक घरांतील गृहिणींच्या नित्यक्रमाचा भाग झाली आहे. मात्र या परिचयातूनच एक गैरसमज रूढ झाला आहे. गळ्याशी गाठ जाणवते, रक्त तपासले जाते, ‘टीएसएच नॉर्मल’ असा अहवाल येतो आणि घरातील मंडळी निश्चिंत होतात. ही निश्चिंती निराधार आहे. ग्रंथी किती संप्रेरक तयार करते, एवढेच ही तपासणी सांगते; गाठीत काय दडले आहे, हे सांगत नाही. थायरॉईडच्या कर्करोगात बहुतेक रुग्णांचा हा अहवाल निर्दोष असतो. गल्ल्याचा हिशेब जुळला म्हणून गोदामातील माल तपासण्याची गरज संपत नाही, तसेच हे आहे.

ही ग्रंथी गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेला बिलगून असते. तीत गाठी होणे अतिशय सामान्य असून 100 पैकी सुमारे 90 ते 95 गाठी निरुपद्रवी असतात. म्हणून गाठ दिसताच धीर सोडण्याचे कारण नाही. तसेच ती दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करण्याचेही नाही. कर्करोगाची गाठ बहुधा दुखतच नाही. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे 3 पट अधिक आढळतो आणि तो ऐन तिशी-चाळिशीतही होतो. पुरुषाच्या गळ्यात गाठ झाली, तर मात्र ती कर्करोगाची असण्याची शक्यता तुलनेने जास्त असते.

कोणती लक्षणे टाळू नयेत?

आरशासमोर उभे राहून, मान किंचित मागे करून पाण्याचा घोट गिळावा. गिळताना वरखाली सरकणारा फुगवटा दिसला, तर तो डॉक्टरांना दाखवावा. गाठ कठीण असणे, ती वाढत जाणे, मानेच्या बाजूला दुसरी गाठ येणे, आवाजातील घोगरेपणा 3 आठवड्यांहून अधिक टिकणे, गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास होणे, ही लक्षणे दिसल्यास विलंब करू नये. लहानपणी मानेवर किरणोपचार झाले असतील, तर अधिक सावध राहावे. या कर्करोगाचा ‘मेड्युलरी’ हा विरळ प्रकार सुमारे चतुर्थांश रुग्णांत आनुवंशिक असतो. तसा दोष असलेल्या माता-पित्याकडून प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते. घरात कोणास हा रोग झाला असेल, तर ते आप्तांपासून लपविणे म्हणजे त्यांची तपासणीची संधी हिरावून घेणे होय.

निदानाची रीत सरळ आहे. प्रथम गळ्याची सोनोग्राफी होते. गाठ संशयास्पद वाटल्यास बारीक सुईने तिच्यातील पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती अनेकांना महिनोन्महिने घरी बसविते; पण या तपासणीने रोग फैलावण्याची भीती व्यवहारात बाळगण्याजोगी नाही.

याहून मोठा अडथळा लाजेचा आहे. मुलगी उपवर असली की गळ्यातील गाठ ओढणीखाली झाकली जाते आणि ‘लग्न आटोपू द्या, मग पाहू’ असे ठरते. वास्तविक पॅपिलरी हा सर्वाधिक आढळणारा प्रकार वेळीच उपचार झाल्यास बहुतांश रुग्णांत बरा होतो. त्यानंतर संसार आणि मातृत्व दोन्ही शक्य असतात. केवळ किरणोत्सारी आयोडीन दिले असल्यास गर्भधारणा काही महिने पुढे ढकलावी लागते. गळ्यावरील व्रण कालांतराने फिकट होतो. लपविलेली गाठ मात्र वाढतच राहते.

शिबिरे भरविताना

सावधगिरीलाही मर्यादा हवी. दक्षिण कोरियात 1999 नंतर कर्करोग-तपासणीची राष्ट्रीय मोहीम निघाली आणि तिच्या जोडीने असंख्य निरोगी लोकांनी गळ्याची सोनोग्राफी करून घेतली. 2011 साली तेथे या कर्करोगाचे निदान 1993 च्या 15 पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तेवढेच राहिले. ज्या सूक्ष्म गाठींनी आयुष्यभर त्रास दिला नसता, त्यांसाठी हजारोंची ग्रंथी काढली गेली. म्हणून समाजाच्या आरोग्य शिबिरात सरसकट सर्वांच्या गळ्याची सोनोग्राफी करण्यापेक्षा अनुभवी डॉक्टरांकडून मान तपासून घ्यावी आणि गाठ आढळेल त्यांनाच पुढे पाठवावे. तो खर्च सत्कारणी लागेल.

किराणा व्यापाऱ्यांनी मिठाबाबतही दक्ष राहावे. आयोडीनयुक्त मिठाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 पासून चालू आहे आणि खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर 2006 पासून पुन्हा बंदी आहे. समुद्रापासून दूर असलेल्या शाकाहारी घरांत रोज केवळ सैंधव वापरल्यास आयोडीन कमी पडू शकते व गलगंड होऊ शकतो. आयोडीनयुक्त मीठ कर्करोगावरील कवच नव्हे. पण ग्रंथीच्या आरोग्यासाठी ते आवश्यक आहे.

उपचार आणि तप

पहिल्या तपासणीसाठी यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. पुढे सेवाग्राम, सावंगी (मेघे) व नागपूर येथील मोठी रुग्णालये आहेत. मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून, तर अणुऊर्जा विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून कार्यरत आहे. किरणोत्सारी आयोडीन देण्यापूर्वी रुग्णाला थोडे दिवस आयोडीनयुक्त मीठ व दुधाचे पदार्थ वर्ज्य करावयास सांगतात.

संपूर्ण ग्रंथी काढल्यावर थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. नवकारशी करणाऱ्यांना ती अडचणीची नाही: वेळ होताच पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि अर्ध्या ते एका तासाने चहा-नाश्ता करावा. कॅल्शियमची गोळी 4 तासांच्या अंतराने घ्यावी. या औषधाचा प्रभाव शरीरात काही दिवस टिकतो, त्यामुळे एखाद्या चौविहार उपवासाने सहसा बिघडत नाही; परंतु अठाई किंवा मासक्षमण यांचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि औषधाचा आगार ठेवण्याविषयी गुरुभगवंतांना विचारावे. कॅल्शियम कमी होणाऱ्यांनी तर परस्पर काहीही ठरवू नये.

धर्माने प्रमाद हा दोष मानला आहे. हाताला लागलेली गाठ ‘दिवाळीनंतर पाहू’ म्हणून लांबणीवर टाकणे हाही प्रमादच. सीझन चालूच राहतो; पण एक दिवस दुकान दुसऱ्याच्या हाती सोपवून घरातील स्त्रीला तपासणीस घेऊन जाणे, एवढे प्रत्येक घराला शक्य आहे.