द्राक्षांच्या ओळींतून चालू द्या

गेल्या रविवारपासून एक प्लास्टिकचा द्राक्षांचा घड मला चैन पडू देत नाहीये. नाशिकजवळच्या एका वाइनच्या मळ्यावर तो लाकडी चौकटीत टांगलेला होता. जांभळा, चकचकीत. त्याच्याखाली उभं राहून फोटो काढायला माणसांची रांग लागली होती. रांगेच्या मागे वीसेक पावलांवर खऱ्या वेली होत्या. फेब्रुवारी म्हणजे तोडणीचा हंगाम, घड पूर्ण भरलेले. पण मध्ये दोरी बांधली होती आणि दोरीवर पाटी: बागेत जाऊ नये.

मळ्याचं नाव लिहीत नाही. मळा लहान आहे, नवा आहे, आणि माझी तक्रार त्याच्या एकट्याबद्दल नाही.

आम्ही तिथे गेलो ते माझ्या भाचीमुळे. जुन्या वाचकांना ती ठाऊक आहे. वडाळे तलावाच्या काठाने मला पहाटे चालायला लावणारी तीच. सध्या ती फ्रान्सच्या दक्षिणेला शिकते आणि सुट्टीत पनवेलला आली होती. "मावशी, तिकडचा एक मळा मी पाहिलाय, आता आपला दाखव," असं तिने आल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. आमणेपासून समृद्धी महामार्ग धरला की हल्ली कसाऱ्याचा घाट लागत नाही. डोंगराच्या पोटातल्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट इगतपुरीकडे निघता येतं. त्यामुळे पनवेलहून नाशिक आता एका दिवसात आरामात होतं.

तिने पाहिलेला मळा एक्स-ऑन-प्रोव्हान्स शहराजवळ आहे, शातो ला कोस्त नावाचा. पॅडी मॅकिलन या आयरिश उद्योजकाने तो २०११ मध्ये लोकांसाठी खुला केला. तिथली वाइन तयार होते ती ज्याँ नुव्हेल या वास्तुरचनाकाराने बांधलेल्या, अर्ध्या नळकांड्याच्या आकाराच्या चकाकत्या इमारतींत. तादाओ आंदोने साध्या काँक्रीटचं कलाकेंद्र बांधलंय. त्याच्या समोरच्या उथळ पाण्यात लुईस बुर्जुआचा भलाथोरला कोळी पाय रोवून उभा आहे. फ्रँक गेरीने २००८ साली लंडनमध्ये उभारलेला लाकूड-काचेचा मंडप उचलून इथे आणलाय. रिचर्ड सेराने उतारावर पोलादाचे जाड पत्रे जमिनीत रोवलेत, आणि अँडी गोल्ड्सवर्दीने जमिनीखाली ओकच्या ओंडक्यांची गुंफलेली खोली केलीय. कलावंताला बोलावतात, मळाभर फिरू देतात आणि आपली जागा त्यालाच निवडायला सांगतात. पाहणाऱ्याला मग वेलींच्या ओळी, ओकची झाडी, चढ-उतार असं करत दोनेक तास चालावं लागतं.

भाचीला तिथलं चालणं सगळ्यात आवडलं होतं. म्हणून नाशिकच्या मळ्यावर पोचल्याबरोबर तिने काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "बागेत फिरता येईल ना?" तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, बाग बघायची सोय नाही. टेस्टिंगचं पॅकेज आहे, आणि तिकडे सेल्फी पॉइंट आहे." त्या मुलाचा काही दोष नाही. त्याला जे शिकवलं तेच तो सांगत होता. आत गेलो तर गाणी एवढ्या जोरात लावलेली की समोरचा पेल्यात काय ओततोय आणि त्याबद्दल काय सांगतोय ते कळेना. पाच पेले, पाच नावं, आटपा, पुढची तुकडी बाहेर उभी आहे.

आम्ही बाहेर येऊन दोरीपाशी उभ्या राहिलो. पलीकडे एक काका क्रेट रचत होते. भाचीने त्यांना वेलीचं वय विचारलं. काका क्रेट खाली ठेवून आले आणि मग अर्धा तास बोलत होते. त्या दिवसाचे सगळे पैसे त्या अर्ध्या तासात वसूल झाले.

"ताई, माल तुम्हाला आत्ता दिसतोय," ते म्हणाले, "पण तो धरला गेल्या उन्हाळ्यात." एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. तोडणी झालेली वेल पार खाली छाटून टाकतात. बाहेर ऊन आग ओकत असतं आणि वेलीला नवी फूट येते. त्या कोवळ्या काडीच्या डोळ्यात, उन्हाळ्याच्या उजेडावर, पुढच्या वर्षीचा घड आतल्या आत तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पावसाळाभर काडी पिकते. मग ऑक्टोबरात दुसरी छाटणी, फळछाटणी. ती झाली की डोळा फुटतो आणि आत तयार होऊन बसलेला घड बाहेर येतो. तेवढ्यात अवकाळी आला, ढगाळ राहिलं, की डाऊनी आणि भुरी या रोगांच्या धास्तीने घरातलं कुणी झोपत नाही. वर्षाला दोन छाटण्या आणि पीक एकच.

भाची ऐकत राहिली. "तिकडे एकदाच छाटतात, हिवाळ्यात. तिकडची वेल थंडीत झोपते," ती म्हणाली. काका हसले. "आपली झोपत नाही. आपल्याला तिला छाटून वर्षाची सुरुवात दाखवावी लागते."

सांगा, या गोष्टीसाठी माणूस शंभर मैल येणार नाही का? थंडीत झोपायची सवय असलेली वेल दख्खनच्या उन्हात आणून, वर्षातून दोनदा छाटून, तिच्याकडून शिराझ आणि शेनिन ब्लाँ घ्यायचं हे कसब इथल्या शेतकऱ्याने कमावलेलं आहे. ते दोरीच्या पलीकडे, आणि प्लास्टिकचा घड दोरीच्या अलीकडे. याचा मला राग येतो.

या धंद्याचा इतिहास काही फार जुना नाही. ऐंशीच्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्राच्या मदतीने नारायणगावला फेसाळती वाइन केली. नव्वदच्या दशकात राजीव सामंतांनी नाशिकला गंगापूर धरणाजवळ सव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँच्या वेली लावल्या आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, आणि दिंडोरी, निफाड, इगतपुरीकडे वाइनऱ्या उभ्या राहिल्या. पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. बाटली कुठे ठेवायची यावर आपण महिनोन्‌महिने भांडलो. मळा कसा दाखवायचा, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात एकदाही निघाला नाही.

इमारतींचंही तेच. परदेशी वाड्यासारखी कमान, इटलीसारखा पिवळट रंग, कौलं तेवढी मातीची. नाशिकला हे उसनं कशाला हवं? दिंडोरीच्या वाटेवर रामशेजचा डोंगर आहे. काळाराम मंदिराचा काळा दगड तिथून आणला असं सांगतात. अठराव्या शतकाच्या शेवटी पेशव्यांचे सरदार ओढेकर यांनी ते बांधलं, आणि आजही भर दुपारी त्या दगडावर ऊन पडलं की डोळे निवतात. शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली पांडवलेणी आहेत: सावलीतले ओटे, डोंगरातलं पाणी साठवणारी टाकी. वाइनच्या पिंपांना हवा असतो तसा गारवा काळ्या दगडाच्या जाड भिंती उत्तम सांभाळतील. एखाद्या मळेवाल्याने इथल्या तरुण वास्तुरचनाकाराला बोलावून एवढंच सांगावं की दगड रामशेजकडचा आणि सावली पांडवलेण्यांसारखी हवी. तेवढंही पुरे.

"आणि शिल्पं?" भाचीने परतीच्या वाटेवर विचारलं. "तिकडे जगातले सगळे मोठे शिल्पकार बोलावले. आपण कुणाला बोलावणार?"

इथे मी गाडीतच तिच्यावर जवळजवळ ओरडले. कारण उघड्यावरची शिल्पं पाहायला पनवेलच्या माणसाला फ्रान्सला तर नाहीच, नाशिकलाही जावं लागत नाही. आपल्या दारातून जो रस्ता पेण, वडखळ, पोयनाड करत अलिबागकडे जातो, त्याच रस्त्याने कार्लेखिंडीतून चोंढीकडे वळलं की मांडव्याच्या अलीकडे सासवने गाव आहे. तिथे विनायक पांडुरंग करमरकरांचं घर आहे.

करमरकर १८९१ साली याच गावात जन्मले. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी रंगवलेले शिवाजी महाराज कुलाबा जिल्ह्याचे त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला पडले, आणि त्यांनी या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पाठवायची तजवीज केली. पुढे कोलकात्यात काम, मग लंडनच्या रॉयल अकादमीत शिक्षण. पुण्यात शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात जो अश्वारूढ शिवाजी आहे तो त्यांचाच. मुंबईत एकसंध ओतलेला हा ब्राँझचा पुतळा रेल्वेने पुण्याला नेला आणि १९२८ साली उभारला. त्या घोड्याच्या मानेवरच्या शिरा ज्याने नीट पाहिल्यात, त्याला पुढच्या पन्नास वर्षांत चौकाचौकांत बसवलेले घोडे बघवत नाहीत. पुढे करमरकरांना पद्मश्री मिळाली आणि १९६७ मध्ये ते गेले.

सासवन्याच्या त्या घरात आणि अंगणात त्यांची शिल्पं आहेत. अंगणात सिमेंटची म्हैस आहे, आणि ती अशी आहे की गावातली दुसरी म्हैस तिच्याशेजारी येऊन बसावी. घरात कोळीण आहे, शंख फुंकणारी आकृती आहे, घरची-दारची माणसं आहेत, पुढारी आहेत. माडांच्या सावलीत उभं राहून म्हशीभोवती एक चक्कर मारा. तिची पाठ, खांद्याचं हाड, खाली वळलेली मान. करमरकरांनी संगमरवर वापरला, ब्राँझ वापरलं, पण घरासमोरच्या जनावरासाठी सिमेंट घेतलं. त्यात त्यांना कसलाही कमीपणा वाटला नाही. आपल्या आजूबाजूला जे आहे ते शिल्पाच्या योग्यतेचं आहे, असं मानणारा हा माणूस होता.

पनवेलहून दर शनिवारी अलिबागला निघणाऱ्या गाड्यांची रांग वडखळच्या नाक्यावर बघा. बहुतेक सगळे चोंढीवरून किहीम, आवास, मांडव्याकडे जातात. कितीजण सासवन्याला थांबतात? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी करमरकरांचं नावच ऐकलेलं नव्हतं. शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात. चोंढीजवळच बामणसुऱ्याला चित्रकार आणि संकल्पनकार दशरथ पटेलांचं संग्रहालय आहे, तिथेही हीच गत.

आणि वाटेवरचं पेण? हमरापूर, जोहे, कळवे या गावांत घरोघरी कारखाने आहेत. माणसं वर्षातले दहा महिने मातीतून आणि साच्यातून मूर्ती काढतात. बोटाच्या एका दाबाने गणपतीच्या डोळ्याची पापणी उठवणारे हात तिथे शेकड्याने आहेत. गणपती संपले की त्या हातांना आपण दुसरं काय काम देतो? आपल्या चौकात मात्र फायबरचा डॉल्फिन बसतो, रंग उडालेला, पावसाळ्यात पोटात पाणी साठलेला. पनवेलच्या आसपास गेल्या वीस वर्षांत किती चौक झाले, किती उद्यानं झाली, शेजारी विमानतळ झाला. या सगळ्यात पेणच्या एखाद्या तरुण मूर्तिकाराला कुणी बोलावलं, जमीन दाखवली, "तुझी जागा तू निवड" म्हटलं, असं मला तरी एकही उदाहरण आठवत नाही.

म्हणून मळेवाल्यांना माझी विनंती आहे. तुमच्याकडे जमीन आहे, पाहायला येणारी माणसं आहेत, त्यांच्याकडून पैसे घ्यायची सोयही आहे. दोरी काढा. दोन ओळींमधून एक पायवाट सोडा. काकांसारख्या माणसाला सकाळचा एक तास बोलायला द्या आणि त्या तासाचा वेगळा मोबदला द्या. वर्षाला एक शिल्पकार बोलवा, जे. जे.चा असो, पेणचा असो, नाशिकचा असो. त्याला दोन्ही छाटण्या पाहू द्या आणि मग काम करू द्या. घड आतल्या आत तयार होतो त्या एप्रिलचं शिल्प जगात अजून कुणी केलेलं नाही. ते तुमच्या मळ्यातच होऊ शकतं.

आणि पनवेलकरांनो, तुम्हाला तेवढी वाट बघायचं कारण नाही. येत्या रविवारी सकाळी लवकर निघा. वडखळच्या गर्दीआधी पुढे जा, कार्लेखिंडीतून चोंढीकडे वळा आणि सासवन्याला करमरकरांचं घर विचारा. मुलांना बरोबर घ्या. त्यांना म्हशीभोवती दोन-तीन चकरा मारू द्या आणि नंतर वहीत तिचं चित्र काढायला सांगा. येताना हमरापूरला उतरा आणि एखाद्या कारखान्यात मुलांच्या हातात मातीचा गोळा पडेल असं बघा. मी आणि भाचीही त्या दिवशी सासवन्याला असू. गर्दी झाली तर मला फार आनंद होईल, आणि गर्दीचा कंटाळा करणारी मी हे लिहिते आहे, यावरून तुम्हाला कळेल की हे मी किती मनापासून म्हणते आहे.